पाखराचं नाक



एक साधा प्रश्न विचारतो. कावळ्याचं नाक कुठं असतं?

प्रश्न पोरकट वाटेल. पण गुरुजी, उद्या वर्गातल्या मुलांना कावळ्याचं चित्र काढायला सांगून पहा. मुलं डोळा काढतील, चोच काढतील, पंख, शेपटी आणि पायांच्या काड्याही काढतील. नाक मात्र चाळीसातला एखादाच काढील. यात मुलांचा दोष नाही. आपण मोठी माणसंही बाकदार नाकाच्या माणसाला राघूच्या चोचीसारखं नाक आहे म्हणतो. म्हणजे चोच हेच पाखराचं नाक, असं आपण मनोमन धरून चालतो. वास्तविक चोच म्हणजे पाखराचं तोंड, आणि हातही तीच. नाक वेगळं असतं. ते लहान असतं, दडलेलं असतं, पण असतं खास.

आता ते कुठं असतं ते पाहू. त्यासाठी रानात जायला नको आणि दुर्बीणही नको. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात घराघराच्या अंगणात दोनचार कोंबड्या असतातच. त्यातली एखादी हळूच धरा आणि तिच्या चोचीकडं बाजूनं पहा. वरच्या चोचीच्या मुळाशी, जिथं टणक चोच संपते आणि तुऱ्याखालची कातडी सुरू होते, तिथं दोन्ही अंगांना एकेक बारीक फट दिसेल. त्या फटीवर वरून एक छोटी टणक पापणी उतरलेली असते. घराच्या खिडकीवर पावसाचं झापड असतं ना, तशी. दाणे टिपताना, उकिरडा उकरताना माती उडते. ती सरळ आत जाऊ नये म्हणून ही सोय.

बहुतेक पाखरांची नाकपुडी अशीच वरच्या चोचीच्या मुळाशी असते. मात्र प्रत्येकाच्या कामधंद्याप्रमाणं तिची ठेवण बदलते. पारवा पहा. त्याच्या चोचीच्या मुळाशी पांढरट, मऊ, फुगीर असा भाग असतो. त्याच्या खाली नाकाच्या फटी झाकलेल्या असतात. राघूच्या चोचीच्या मुळाशी मऊ मेणासारखी कातडी असते आणि त्या कातडीत दोन गोल भोकं. शिक्रा, घार, गरुड यांचीही नाकं अशाच कातडीत असतात. आणि आपला कावळा? त्याचं नाक शोधायचं म्हणजे जरा कष्टच. चोचीच्या मुळापासून पुढं आलेली केसांसारखी राठ पिसं त्यानं नाकावर पांघरलेली असतात. ती बाजूला सारल्याखेरीज भोक दिसत नाही. सुतार पक्ष्याचंही तसंच. दिवसभर लाकूड टोचायचं म्हटल्यावर भुसा उडणारच, म्हणून त्याच्याही नाकावर बारीक राठ पिसांचं जाळं असतं. आपल्याकडचा पिंजारी कापूस पिंजताना नाकातोंडाला फडकं बांधत असे, त्यातलाच हा प्रकार. काही जातीच्या सुतार पक्ष्यांत तर आणखी एक मौज आहे. त्यांची जीभ इतकी लांब असते, की तिला आधार देणाऱ्या हाडाची टोकं कवटीला मागून वळसा घालून, कपाळावरून येऊन थेट नाकपुडीशी टेकतात.

आता गावाबाहेरच्या पाझर तलावावर चला. काठाच्या दगडावर पंख पसरून वाळवत बसलेला काळा पाणकावळा दिसेल. माशामागं बुडी मारणारा हा पक्षी. त्याच्या पिलांना नाकपुड्या उघड्या असतात. पिलू मोठं झालं की त्या बाहेरून बंद होऊन जातात. मग तो तोंडाच्या कडेनं श्वास घेतो. पाण्यात बुडणाऱ्यानं नाकच बंद करून टाकलं, म्हणजे पाणी शिरायची भीतीच उरली नाही!

याच्या अगदी उलट प्रकार दूर न्यूझीलंड देशात आहे. तिथं किवी नावाचा, उडता न येणारा, रात्री फिरणारा पक्षी आहे. त्याच्या नाकपुड्या लांबलचक चोचीच्या मुळाशी नसून जवळजवळ टोकाला असतात. तो चोच जमिनीत खुपसतो आणि मातीखालचे किडे, गांडुळं वासानं हुडकतो. त्याचं अन्न जमिनीच्या पोटात, म्हणून त्याचं नाकही तिथवर पोचलेलं.

हे झालं नाकाचं बाहेरचं रूप. खरं काम आत चालतं. पाखरानं घेतलेल्या श्वासाच्या मागोमाग आपण आत जाऊ या.

नाकपुडीतून हवा आत गेली की ती मोकळ्या पोकळीत जात नाही. तिथं कूर्चेच्या पातळ गुंडाळ्या असतात, पानाची सुरळी करावी तशा. साधारणपणे अशा तीन गुंडाळ्या एकीमागं एक असतात आणि त्यांच्यावर ओलसर, रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर असतं. बाहेरची हवा कधी थंड, कधी कोरडी, कधी धुळीची. या वळणावळणाच्या वाटेनं जाताना ती उबदार होते, ओली होते आणि तिच्यातली धूळ त्या ओल्या अस्तराला चिकटून राहते. शेवटची गुंडाळी वासाची. वास ओळखणाऱ्या नसा तिथं असतात.

पण श्वास आत घेताना जेवढं काम होतं, तेवढंच महत्त्वाचं काम श्वास सोडताना होतं. ईट-भूमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पेटतात. कढईत दूध आटत असतं तेव्हा वाफ वर जाते ती गेलीच, परत येत नाही. पण घरी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमतात. गरम वाफ गार झाकणाला लागली की तिचं पुन्हा पाणी होतं. पाखराचं नाक म्हणजे असं झाकण आहे. आत येणाऱ्या कोरड्या हवेला ओलावा देताना नाकातलं अस्तर गार होतं. मग आतून गरम, ओली हवा बाहेर निघाली की त्या गार अस्तरावर तिच्यातलं बरंचसं पाणी उतरतं आणि अंगातच राहतं. बालाघाटच्या उघड्या माळावर, जिथं उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात, तिथं चंडोलासारखं मूठभर पाखरू जगतं कसं, याचं एक उत्तर या नाकात आहे. पाण्याची काटकसर त्याच्या श्वासाश्वासात आहे.

नाकातून पुढं हवा कुठं जाते? कोंबडीची चोच उघडून वर टाळूकडं पहा. टाळूला मधोमध एक लांबट फट दिसेल. नाकातली हवा या फटीतून खाली उतरते. आता जिभेच्या मुळाशी पहा. तिथं आणखी एक छोटी फट उघडझाप करताना दिसेल. ते श्वासनळीचं तोंड. चोच मिटली की वरची फट आणि खालची फट समोरासमोर येतात आणि नाकापासून छातीपर्यंत श्वासाची वाट सरळ होते. म्हणून निरोगी, स्वस्थ कोंबडी नेहमी चोच मिटून श्वास घेते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढं ती कामाला येणार आहे.

आणखी एक गोष्ट यावरून कळते. आजारी कोंबडीच्या तोंडात औषध ओतताना पुष्कळ जण चोच आ करून भसकन पाणी ओततात. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यानं ते पाणी छातीत जाऊ शकतं. औषध द्यायचं तर चोचीच्या कडेनं थेंबथेंब द्यावं आणि तिला गिळायला सवड द्यावी.

पाखराची छातीही आपल्यापेक्षा निराळी आहे. आपली फुप्फुसं फुग्यासारखी फुगतात आणि आकसतात. ज्या वाटेनं हवा आत गेली, त्याच वाटेनं ती परत येते. पाखराची फुप्फुसं जवळपास आहे तशीच राहतात. त्यांच्या पुढंमागं हवेच्या पातळ पिशव्या असतात, बहुतेक पाखरांत नऊ. या पिशव्या लोहाराच्या भात्यासारखं काम करतात. नाकातून आलेली ताजी हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडताना ती फुप्फुसांतून पुढं सरकते. दुसऱ्या श्वासाला ती पुढच्या पिशव्यांत येते आणि मग दुसऱ्यांदा श्वास सोडताना बाहेर पडते. म्हणजे एका घोटाच्या हवेला आतबाहेर व्हायला दोन श्वास लागतात. पण फायदा असा की फुप्फुसांतून वारा एकाच दिशेनं, अखंड वाहत राहतो. आकाशात तासन्‌तास उडायला लागणारा दम पाखराला या रचनेतून मिळतो. मात्र याच रचनेमुळं नाकातून आत गेलेली घाण, धूर, रोगाचे जंतू हेही पोटापर्यंतच्या पिशव्यांत पोचतात. नाक हे वेशीचं दार आहे. ते शाबूत तर गाव शाबूत.

आता नाकाच्या दुसऱ्या कामाकडं, वासाकडं वळू. पाखरांना वास येतो का?

फार दिवस विद्वान लोक म्हणत असत की येत नाही. १८२६ साली ऑड्युबन या अमेरिकेतल्या प्रख्यात पक्षीतज्ज्ञानं गिधाडांवर केलेले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. झाकून ठेवलेल्या मढ्याकडं गिधाडं फिरकली नाहीत, पण पेंढा भरलेल्या कातड्यावर मात्र उतरली. त्यावरून त्यानं ठरवलं, की गिधाड नजरेनं शोधतं, नाकानं नव्हे. पुढं शंभरावर वर्षं बहुतेकांनी हेच मानलं. पण अमेरिकेत गिधाडांच्या निरनिराळ्या जाती आहेत. त्यातल्या एका जातीच्या नाकपुड्या इतक्या मोकळ्या, की या बाजूनं पाहिलं तर त्या बाजूचं दिसतं. १९३० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियात गॅस वाहून नेणाऱ्या नळांवरच्या माणसांच्या ध्यानात आलं, की जिथं नळ गळतो तिथं ही गिधाडं घिरट्या घालतात. गॅसमध्ये उग्र वासाचं जे रसायन मिसळतात, तसलाच वास सडक्या मांसाला येतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस गळला की जो वास येतो, तो याच जातीच्या रसायनाचा. १९६४ साली केनेथ स्टेगर या शास्त्रज्ञानं प्रयोगांनिशी दाखवून दिलं, की ही जात खरोखरच वासानं अन्न शोधते.

याच सुमारास बेट्सी बँग नावाच्या बाईंनी फार मोलाचं काम केलं. त्या वैद्यकाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढीत असत. पाखरांची नाकं आतून उघडून पाहताना त्यांना वाटलं, की वासाला उपयोग नसता तर इतकी गुंतागुंतीची रचना कशाला असती? त्यांनी १९६० साली हा विचार मांडला आणि १९६८ साली एका सहकाऱ्यासह १०८ जातींच्या पाखरांच्या मेंदूतला वासाचा भाग मोजून प्रसिद्ध केला. काहींत तो लहान आढळला, तर काहींत चांगला मोठा. गुरुजनहो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. जे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, ते चित्रं काढणाऱ्या एका बाईंनी नीट निरखून पाहिलं, एवढ्यानं शास्त्र पुढं सरकलं.

त्यानंतर पुष्कळ कळलं. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या काही पाखरांच्या नाकपुड्या चोचीवर बसवलेल्या नळ्यांसारख्या असतात. अफाट पाण्यावर मासळी कुठं आहे, याचा माग ती वासानं काढतात. खारं पाणी पोटात गेल्यानं अंगात साठलेलं मीठ त्यांच्या डोळ्यांवरच्या ग्रंथी वेगळं काढतात आणि ते खारट पाणी नाकातून ठिबकत राहतं. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या कुरव पक्ष्यालाही ही मिठाची ग्रंथी असते. इटलीत १९७० नंतर फ्लोरियानो पापी यांनी पारव्यांवर प्रयोग केले. ज्या पारव्यांची वासाची शक्ती काढून घेतली, त्यांना दूर नेऊन सोडलं तर घरची वाट सापडेना. म्हणजे पारव्याला घर ओळखायलाही नाकाची मदत होते.

आपल्याकडची गिधाडं मात्र नजरेवरच चालतात. ती उंच घिरट्या घालतात, एक उतरलं की दुसरं पाहतं आणि मागोमाग येतं. ती आता दिसेनाशी झाली याचं कारण नाक नव्हे की डोळे नव्हेत. जनावरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. हे २००४ साली उघड झालं आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

वासावरून आपल्याकडं एक समजूत आहे. घरट्यातून पडलेल्या चिमणीच्या पिलाला माणसाचा हात लागला, की इतर चिमण्या त्याला टोचून मारतात, आई त्याला जवळ करीत नाही, असं म्हणतात. त्यामुळं मुलं पिलू पाहून हळहळतात, पण उचलीत नाहीत. मग मांजर येतं आणि आपलं काम करतं. श्रोतेहो, ही समजूत चुकीची आहे. चिमणी माणसाच्या हाताच्या वासासाठी आपलं पिलू टाकीत नाही. बिनपिसाचं पिलू खाली पडलेलं दिसलं आणि घरटं हाताशी असलं, तर त्याला अलगद उचलून घरट्यात ठेवा आणि दूर व्हा. तुम्ही तिथंच उभे राहिलात तर मात्र आई येणार नाही. तिला भीती तुमच्या वासाची नाही, तुमच्या उभं राहण्याची आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारं सांगत आलो, तिच्याकडं येतो. मायबहिणींनो, हे विशेषतः तुमच्यासाठी आहे, कारण अंगणातल्या कोंबड्या तुम्हीच सांभाळता आणि अंड्यांचे चार पैसे तुमच्याच हाती येतात.

गावरान कोंबडी काही दिवस अंडी घालते आणि मग खुडूक बसते. अंडी बंद करते, खुराड्यातून हलत नाही, हात लावला तर पिसं फुलवून अंगावर येते. अशा कोंबडीचा खुडूक मोडण्यासाठी आपल्याकडं खेडोपाडी एक उपाय करतात. तिचंच एक पीस उपटायचं आणि त्याची दांडी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढायची. ते आडवं पीस नाकात घेऊन बिचारी फिरत राहते. कुणी विचारलं, तर म्हणतात, बैलाला नाही का आपण वेसण घालत? तसंच हे.

पण हे तसं नाही. बैलाची वेसण दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून जाते. त्याच्या नाकपुड्या मोठ्या असतात, जखम भरली की श्वासाची वाट मोकळी राहते. कोंबडीची नाकपुडी म्हणजे बाजरीचा दाणा जाईल एवढी फट. पिसाची दांडी त्या वाटेतच अडकून बसते. आतलं ते नाजूक, ओलं अस्तर फाटतं. हवा ऊबदार करणारी, धूळ अडवणारी, पाणी राखणारी ती सगळी रचनाच बंद पडते. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. इथं ती शब्दशः खरी होते. कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागते. घसा कोरडा पडतो, धूळ सरळ छातीत जाते, जखमेवर माशी बसते. उन्हाळ्याचे दिवस असले तर तिचे हाल विचारू नका.

उन्हाळ्याचं एवढं का म्हणतो, तेही सांगतो. कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. तिला घाम येत नाही. अंगातली गरमी बाहेर टाकायला ती चोच उघडून धापा टाकते. मिनिटाला शंभराच्याही वर श्वास होतात. नाकाची पाणी राखण्याची युक्ती तेव्हा बाजूला राहते आणि अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. म्हणून वैशाखाच्या दुपारी सावली आणि मातीच्या परळात गार पाणी हे तिच्यासाठी दाण्याहून मोलाचं असतं. आधीच अशी ओढाताण चालू असताना नाकात पीस खुपसणं म्हणजे तहानलेल्याची घागर फोडणं.

कुणी म्हणेल, पण उपाय लागू पडतो ना! कधी पडतो, नाही असं नाही. दुखण्यानं हैराण होऊन कोंबडी जागा सोडते. पण खुडूक नाकात नसतो. अंडी, अंधार, ऊबदार जागा यांच्या सान्निध्यानं तिच्या रक्तात एक रस वाढतो आणि तो तिला बसायला लावतो. तेव्हा उपाय त्या जागेवर करायचा, नाकावर नव्हे. अंडी रोजच्या रोज उचला. खुडूक कोंबडीला खुराड्यातून काढून, तळाला फटी असलेल्या, जमिनीपासून थोड्या उंच टांगलेल्या उजेडातल्या पिंजऱ्यात किंवा डालीत ठेवा. खालून वारा लागला पाहिजे आणि बसायला गवत, भुसा काही नको. दाणापाणी मात्र पोटभर द्या. तीनचार दिवसांत बहुतेक कोंबड्या ताळ्यावर येतात. पुन्हा बसली तर पुन्हा ठेवा. बादलीत बुडवून काढण्याचीही गरज नाही. आणि पिलं हवी असतील तर खुडूक हे संकट नव्हेच. दहाबारा चांगली अंडी खाली ठेवा, २१ दिवसांनी ती तुम्हाला पिलांचं लेंढार काढून देईल.

कोंबडीचं नाक आणखी एका कामी येतं. राणीखेत रोगाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्याकडं काही ठिकाणी त्याला मानमोडी म्हणतात. आपल्या देशात तो १९२७ साली राणीखेतला प्रथम आढळला, म्हणून हे नाव. हा रोग आला म्हणजे गावच्या गाव कोंबड्या फस्त होतात. त्यावर औषध नाही, पण लस आहे. पिलू पाचसात दिवसांचं असताना लासोटा नावाच्या लशीचा एक थेंब त्याच्या डोळ्यात किंवा नाकात सोडतात. नाकात सोडायचा असेल तर एका नाकपुडीवर बोट ठेवावं आणि दुसरीवर थेंब सोडावा. पिलू श्वास घेतं आणि थेंब आत ओढला जातो. थेंब दिसेनासा झाल्याशिवाय पिलू खाली सोडू नये, नाहीतर मान झटकून ते थेंब उडवून टाकील आणि तुमची मेहनत वाया जाईल. लस बर्फात ठेवून आणायची, सकाळी किंवा संध्याकाळी गारव्याला द्यायची आणि आजारी पिलाला द्यायची नाही. पुढची लस केव्हा द्यायची हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. ज्या नाकपुडीत आपण पीस खुपसतो, तिच्यातूनच आयुष्य वाचवणारा थेंबही आत जातो, एवढं लक्षात घ्या.

मघाशी मी म्हणालो होतो, की निरोगी कोंबडी चोच मिटून श्वास घेते. आता ती खूण वापरा. थंडीत किंवा सकाळच्या गारव्यात कोंबडी चोच उघडून श्वास घेत असेल, नाकाशी ओल किंवा खपली असेल, डोळ्याखाली सूज आली असेल, घशात घुरघुर वाजत असेल, तर तिचं नाक चोंदलं आहे असं समजा. डोळ्याखालची ती सूज नाकाशी जोडलेल्या पोकळीत साठलेल्या घाणीची असते. अशी कोंबडी इतरांपासून वेगळी करा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. आठवड्याच्या बाजारातून नवी कोंबडी आणलीत, तरी तिला दोन आठवडे वेगळंच ठेवावं.

खुराड्याकडंही एकदा नाक लावून पहा. उभ्यानं नव्हे. कोंबडीच्या उंचीला खाली वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर कोंबडी तो झणका रात्रभर सोसते आहे असं समजा. ओल्या विष्ठेतून निघणारा हा वायू तिच्या नाकाचं अस्तर जाळतो आणि मग रोगाला दार उघडं होतं. खुराडं कोरडं ठेवा, खाली राख, भुसा टाका, वरच्या बाजूला वारा जायला फट ठेवा.

गुरुजनहो, शेवटी आपल्याशी दोन शब्द. पाखरांच्या नावांसाठी आणि सवयींसाठी आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ शाळेत जरूर असावा. पण नाकाचा धडा पुस्तकाशिवायही होईल. मुलांना आठवडाभर पाच पाखरं पाहायला लावा: कोंबडी, पारवा, कावळा, राघू आणि बगळा. प्रत्येकाची नाकपुडी कुठं आहे, उघडी आहे की झाकलेली, गोल आहे की फटीसारखी, ते वहीत काढायला सांगा. पाणी पिताना कोंबडी घोट घेऊन मान वर का करते आणि पारवा चोच बुडवून सलग का पितो, हेही निरखू द्या. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला एकाच कोंबडीचे श्वास घड्याळ लावून मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक पाहून मुलं आपणहोऊन सावलीत पाणी ठेवतील, सांगावं लागणार नाही.

आणि ज्या मुलानं कावळ्याच्या चित्रात पिसांआडची नाकपुडी बरोबर दाखवली, तो आपल्या आजीचा हात धरून एवढंच म्हणेल, आजी, कोंबडीच्या नाकात पीस नको घालू, ती श्वास कुठून घेईल? आजी ऐकेल. नातवाचं ती ऐकतेच.